सर्क्युलर नंबर एकोणीस

१५ जानेवारी १९६८, सोमवार. सकाळी ७.
आजपासून मी, दिवाकर कापगते, मॅनेजर. वय तेवीस. मंगलदीप वस्त्र भांडार लिमिटेड, शाखा नंबर सत्तावीस, बालाघाट. एकूण शाखा एकतीस, हेड ऑफिस जबलपूर. तीन महिने प्रोबेशन, मग कन्फर्म, मग दोन वर्षांत झोनल मॅनेजर. त्याच्या पुढचं अजून ठरवलं नाही. घाई नाही.

घर खैरलांजीले, पण राहाची सोय इथं गोदा मावशीकडं. मावशी कुंकू लावाले आली. मी म्हटलं, मॅनेजर लोक टिळा लावत नाहीत. ती म्हणे, काहून गा, मॅनेजरले मावशी नसते का? लावून घेतला. कोपऱ्यावर पुसला.

संध्याकाळी ७.
दुकान पाह्यलं. शॉक. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या चादरीची गादी. जोडे बाहेर काढून गिऱ्हाईक गादीवर, आणि माझा स्टाफही गादीवर. सगळे बसलेले! मिशन स्कूलमध्ये आमाले फादर सांगत, बसलेला माणूस म्हणजे झोपलेला माणूस.

स्टाफ तीन. डोमाजी, साडीवाला, वय पंचावन्न, कंपनीनं हे दुकान विकत घेतलं त्याच्याही आधीपासून इथंच. टिकाराम, शर्टिंग-धोतरवाला, तोंड बंद होत नाही. शेवंताबाई, झाडू-पाणी करते, आणि बायका आल्या की साडी खांद्यावर टाकून दाखवते.

मी काही बोललो नाही. पहिला दिवस फक्त ऑब्झर्वेशन. जेवणाच्या सुट्टीत थोडा गादीवर टेकलो. डोळा लागला. ऑब्झर्वेशन उद्या पूर्ण करीन.

१६ जानेवारी
ऐतिहासिक शोध! साड्यांच्या कपाटात प्रत्येक थप्पीखाली इंग्लिश कागद. ओढून पाह्यले तर हेड ऑफिसची सर्क्युलरं! एक ते चौऱ्याऐंशी. सात वर्षांची. एकही उघडलेलं नाही.

डोमाजीले विचारलं. म्हणे, आधीच्या मॅनेजरले, बाबूलालजीले, इंग्लिश येत नव्हतं जी, अन् मले तर सहीपुरतंच येते. कागद जाड हाय, साडीले कसर लागत नाही. मी विचारलं, मग हेड ऑफिसले उत्तर काय देत होते? म्हणे, उत्तर देलं नाही म्हणून तर सुखात हावो.

टिकाराम हसला. मी हसलो नाही. मनात म्हटलं, एकतीस शाखांत सत्तावीस नंबर मागं काहून, ते आज समजलं. (खरं म्हणजे विक्रीत ही शाखा तिसरी आहे. पण ते कपड्यामुळे. मॅनेजमेंटमुळे नाही.)

निश्चय: उद्यापासून रोज एक सर्क्युलर. वाचाचं, अमलात आणाचं, हेड ऑफिसले रिपोर्ट पाठवाचा, मगच पुढचं उघडाचं. शिस्त म्हणजे क्रम.

२० जानेवारी
नंबर चार. गिऱ्हाईक आत आलं की सर्वांनी 'गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू' म्हणाचं. सकाळी प्रॅक्टिस घेतली. टिकारामले जमलं. शेवंताबाईले थोडं जमलं. डोमाजी म्हणे, हौ जी, आणि गिऱ्हाईकाले म्हणाला, या दादा, पाणी घेता?

दुपारी वाराशिवनीकडची एक म्हातारी आली. तिले टिकारामनं गुड मॉर्निंग म्हटलं. ती म्हणे, आमचा मेला तो, पाच वर्षं झाले. तिले वाटलं, टिकाराम कोण्या मॉर्निंगदासची चौकशी करून राह्यला. हा गोंधळ पहिल्या दिवशी चालते.

२४ जानेवारी
नंबर सात. मोठा दिवस. गादी हटवावी, काउंटर लावावा, स्टाफनं कामाच्या वेळेत उभं राहावं. पूर्ण वेळ. स्टूल नाही.

फकिरा सुताराकडून काउंटर आणला. गादी गुंडाळून माडीवर. दुकान एकदम जबलपूर वाटाले लागलं. डोमाजी काउंटरमागं उभा राह्यला आणि कपाळाले हात लावून म्हणाला, साहेब, उभ्यानं कपडा नाही इकत. उभ्यानं मयत नेतेत.

मी समजावलं की लंडनमध्ये सगळे उभे असतात. शेवंताबाई म्हणे, त्याहीचे पाय कोण दाबून देते मग?

मॅनेजरनं उभं राहाचं असं सर्क्युलरमध्ये लिहिलं नाही. दोनदा वाचलं. म्हणून खुर्ची ठेवली.

२९ जानेवारी
नंबर अकरा. एका गिऱ्हाईकाले पंधरा मिनिटं, जास्त नाही. घड्याळ काउंटरवर ठेवलं.

आज मोवाडचा बस्ता आला. बस्ता हा या भागातला भयंकर प्रकार आहे. लग्न ठरलं की नवरदेवाकडचे आणि नवरीकडचे दोन्ही घरं, तीस-चाळीस माणसं, पोट्टे-पाट्टे धरून एकाच दुकानात येतात, समोरासमोर बसतात, आणि शालूपासून तर मामाच्या सासूच्या लुगड्यापर्यंत सगळं एकाच दिवशी फाडतात, म्हणजे खरेदी करतात. सकाळी आले की दिवे लागेपर्यंत. पंधरा मिनिटं झाल्यावर मी घंटी वाजवली. त्याहीले वाटलं चहा आला.

डोमाजी एकट्यानं सगळं केलं. उभ्यानं. नऊ तास. शेवटी म्हणे, साहेब, बस्त्यात कपडा पाहाचा नसते, माणूस पाहाचा असते. प्रत्येक वऱ्हाडात एक रुसणारा असते. तो दारातच ओळखाचा आणि पह्यला चहा त्याले. मग बस्ता अर्धा झाला समजा.

रुसणाऱ्याबद्दल एकाही सर्क्युलरमध्ये उल्लेख दिसला नाही. (अकरापर्यंत.)

३१ जानेवारी
नंबर तेरा. सायंटिफिक! प्रत्येक कर्मचाऱ्याचा चार्ट. दिवसात किती गिऱ्हाईकं केली ते रोज भराचं. रंगीत पेन्सिली आणल्या. टिकाराम निळा, शेवंताबाई हिरवी, डोमाजी लाल. भिंतीवर लावला. खूप सुंदर दिसते. कोणीही गिऱ्हाईक पाहून खूश होईल.

२ फेब्रुवारी
नंबर पंधरा. लग्नसराईत रविवारची सुट्टी बंद. स्टाफले वाचून दाखवलं. डोमाजी म्हणे, हौ जी. टिकाराम म्हणे, माही बायको मले ओळखणार नाही जी, म्हणीन हे कोण वो घरात शिरले.

मी रविवारी घरीच राह्यीन. प्लॅनिंग घरीच चांगलं होते.

५ फेब्रुवारी
हेड ऑफिसचं पत्र आलं! सात वर्षांत पहिलं, ज्यावर शाखेच्या मॅनेजरचं नाव टाइप केलेलं आहे. 'आपले तेरा रिपोर्ट मिळाले. शाखा सत्तावीस अस्तित्वात आहे याची नोंद घेतली.' माझं नाव आता जबलपूरले माहीत आहे. मावशीले वाचून दाखवलं. ती म्हणे, म्हणजे आतापर्यंत त्याहीले माहीतच नव्हतं? मग आता काहून सांगतलं?

७ फेब्रुवारी
नंबर एकोणीस.

प्रत्येक शाखेनं सर्वांत कमी काम करणाऱ्या एका सेल्समनचं नाव कपातीसाठी पाठवावं. सोबत कोरा फॉर्म.

आता मॅनेजरची खरी परीक्षा. मनात कोणाबद्दल काही आणलं नाही. फक्त चार्ट पाह्यला. आठवड्यात टिकाराम एकशे दोन गिऱ्हाईकं. शेवंताबाई सदतीस. डोमाजी पाच.

पाच! दिवसाले एकही पूर्ण नाही.

टिकाराम चार्ट पाहून म्हणे, साहेब, त्याची पाच गिऱ्हाईकं म्हणजे पाच बस्ते, दोनशे माणसं. मी म्हटलं, चार्टमध्ये गिऱ्हाईक एकच असते, त्याच्यासंगं कोण आलं ते नसते. तो गप्प झाला. टिकाराम गप्प झाला म्हणजे मुद्दा बरोबर होता.

८ फेब्रुवारी
फॉर्म भरला. नाव: डोमाजी नंदेश्वर. कारण: लो एफिशिएन्सी. अक्षर खूप चांगलं आलं. पोस्टात टाकला.

डोमाजीले सांगतलं नाही. मंजूर झाल्याशिवाय सांगणं म्हणजे अफवा. आज तो आपल्या मुलीबद्दल सांगत होता. कमला. वैशाखात लग्न, रामपायलीले देली. त्या घरचे लोक मोठे आहेत, पण मंगलदीपवाले डोमाजी म्हटल्यावर हौ म्हणाले. तुमाले यावं लागीन जी, म्हणे. पहिल्या पंगतीले.

मी म्हटलं पाहू.

एकोणीस पूर्ण अमलात येईपर्यंत पुढचं सर्क्युलर उघडाचं नाही. एका वेळी एकच काम. क्रम म्हणजे क्रम.

१९ फेब्रुवारी, सोमवार
मंजूर. इतक्या लवकर! जबलपूरवाल्यांनी लिहिलं की असं स्वतःहून नाव पाठवणारी शाखा एकतीसमध्ये ही एकटीच. अभिमान वाटला. दहा मिनिटं. मग डोमाजीले बोलावलं.

सगळं नीट समजावलं. एफिशिएन्सी म्हणजे काय, हेही. एकोणतीस तारखेपर्यंत राहाचं. तो बराच वेळ काउंटरवरची एक साडी घडी करत राह्यला. मग म्हणे, हौ जी. थोड्या वेळानं म्हणे, लग्नाच्या आधी आलं असतं तर त्याहीले सांगता आलं नसतं जी. नाही, नंतर आलं असतं तर. असं काहीतरी म्हणे. मले नीट समजलं नाही. त्यालेही समजलं नसावं.

एक चांगली गोष्ट, यावर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांची आहे. त्याले एक दिवस जास्त मिळाला. हे मी त्याले सांगतलं.

२९ फेब्रुवारी
निरोप समारंभ. मी इंग्लिशमध्ये नऊ मिनिटं बोललो. शेवंताबाई रडली. भाषण चांगलं झालं. टिकाराम म्हणे, ते भाषणासाठी नाही रडून राह्यली जी.

डोमाजी जाताना कपाटाची एक एक थप्पी हातानं सारखी करून गेला. मी म्हटलं, राहू द्या आता. म्हणे, हौ, राह्यलंच की.

१ मार्च. दुपारी.
काम पुन्हा सुरू. नंबर वीस उघडलं.

वाचलं.

परत बंद केलं.

१ मार्च. संध्याकाळी.
परत उघडलं. तेच लिहिलं आहे. 'सर्क्युलर एकोणीस चुकीनं निघालं होतं, ते रद्द समजावं, कोणीही नाव पाठवू नये.' तारीख चौदा जून एकोणीसशे बासष्ट.

पाच वर्षं आठ महिने.

मॅनेजरनं पॅनिक होऊ नये.

२ मार्च
एकवीस उघडलं. 'सर्क्युलर सात रद्द. गावाकडल्या शाखांत गादी परत लावावी, स्टाफले बसाची मुभा द्यावी.' बावीस पाह्यलं नाही. शिस्त म्हणून रोज एकच.

विचार केला. रद्द झालेल्या सर्क्युलरवर हेड ऑफिसनं मंजुरी देली, म्हणजे त्याहीनंही वीस वाचलं नव्हतं. चूक त्याहीची जास्त. माझी असलीच तर क्रमाची. आणि क्रम चूक असू शकत नाही.

गादी मात्र लगेच लावत नाही. उद्या डोमाजी रस्त्यानं गेला आणि त्यानं गादी पाह्यली तर त्याले काय वाटेल?

५ मार्च
दोन बस्ते आले. एक किरनापूरकडला, एक लालबर्ऱ्याचा. दोन्ही दारातूनच डोकावले. डोमाजीभाऊ नाही का? नाही म्हटल्यावर जोडे पायात घालून समोरच्या दुकानात. जोडे काढलेच नव्हते खरं म्हणजे.

दुकानात आता गर्दी होत नाही. क्राउड मॅनेजमेंट सुधारलं.

९ मार्च, शनिवार
मावशीनं ताट वाढलं आणि पुढ्यात बसून राह्यली. ती अशी बसली की जेवण जात नाही. म्हणे, रामपायलीवाले डोमाजीच्या घरी येऊन गेले. म्हणाले, तुमची नोकरी गेली म्हणते गाव, चोरी-बिरी केली का? त्यानं म्हटलं, नाही. ते म्हणे, मग काहून काढलं? तर त्याले सांगता येईना. कागद इंग्लिशमध्ये हाय म्हणे. काय लिहिलं ते मले वाचता येत नाही. लग्नाचं पाहू म्हणून गेले ते लोक.

मी म्हटलं, लो एफिशिएन्सी लिहिलं आहे. चोरीचा संबंध नाही.

मावशी म्हणे, मराठीत सांग.

मी सांगतलं, कामात कमी.

तिनं ताट उचललं नाही, पण मले वाटलं उचलते. म्हणे, माह्या लग्नाचा बस्ता त्यानं फाडला. तुह्या मायच्या लग्नाचाही. तुह्या मायले पोपटी लुगडं नको होतं, तुह्या आजीले तेच पायजे होतं. दोघीही हसत निंघाल्या दुकानातून. हे तुह्या कागदात कुठं लिहिते रे?

जागा नाही. फॉर्ममध्ये एकच ओळ आहे.

१० मार्च, रविवार
हेड ऑफिसले पत्र लिहिलं. पहिला मसुदा: 'मोठी चूक झाली.' फाडला. दुसरा: 'छोटी चूक झाली.' फाडला. तिसरा: 'चूक झाली.' फाडला. पाठवला तो: 'सर्क्युलर एकोणीस आणि वीस यांच्यात काही परस्पर गोंधळ झाल्याचे दिसते.'

स्टाफ दुकानात उभा होता. मी घरी प्लॅनिंग करत होतो. आज प्लॅनिंग झालं नाही.

१६ मार्च
उत्तर: झोनल इन्स्पेक्टर चौबे सोमवारी येतील. चांगलं झालं. समोरासमोर बोललं की मोठ्या माणसाले मोठा माणूस कळते.

१८ मार्च, सोमवार. सकाळी १०.
देव आहे! लामत्याच्या महागू पाटलाच्या पोरीचा बस्ता! सदतीस माणसं, सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं उतरून सरळ आत. त्याहीले डोमाजी गेल्याचं माहीतच नाही. मी स्वतः करतो. चौबेसाहेब येतील आणि पाहतील, मॅनेजर स्वतः बस्ता करून राह्यला.

संध्याकाळी ६. (बसून लिहितो.)

बसाले गादी नाही म्हणून सदतीस माणसं फरशीवर बसली. मी काउंटरमागं उभा. मी टोकन देले. एक नंबर नवरीच्या मामीले गेला, कारण ती पुढं होती. पहिली साडी तिच्यापुढं उघडली. फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह.

सगळे एकमेकांकडं पाहाले लागले. मले वाटलं, इंप्रेस झाले.

महागू पाटलाचे मोठे जावई, जाड मिशीचे, तेजराम नावाचे. त्याहीचं टोकन चोवीस नंबर. ते उठले. टोपी घातली. म्हणे, आमी चोवीस नंबरचे हाव का? बरं. आणि स्टेशनाकडं निंघून गेले. त्याहीच्या मागं त्याहीची बायको. तिच्यामागं नवरीकडच्या सगळ्या बायका. मग नवरदेवाकडचे म्हणाले, तुमच्याच घरचे उठून गेले तर आमी काहून बसाव? तेही उठले. अर्ध्या तासात दुकानात मी, घड्याळ, आणि एक झोपलेलं पोट्टं.

मी स्टेशनावर गेलो. जावई बाकावर बसले होते, तोंड गोंदियाकडं. मी त्याहीले टोकन पद्धतीचे फायदे सांगतले. त्याहीनं तोंड जबलपूरकडं केलं.

तेवढ्यात टिकाराम सायकलवर डोमाजीले घेऊन आला. कोणी सांगतलं त्याले? मी नाही. डोमाजीनं माझ्याकडं पाह्यलंही नाही. जावयाच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि म्हणे, जावईबापू, फेट्याचा रंग तुमच्याशिवाय कोण पसंत करीन? मी पाह्यतो म्हटलं तर मले चष्मा लागते आता.

जावई म्हणे, आमी चोवीस नंबरचे हाव.

डोमाजी म्हणे, चोवीसच तर जी. मोठ्या माणसाचा नंबर मोठा असते.

जावयानं मिशी ओढली. मग म्हणे, चहा तरी पाजता का?

सगळं वऱ्हाड मागं. शेवंताबाईनं मले न विचारता माडीवरची गादी खाली आणली. डोमाजीनं जोडे काढले, बसला, मांडीवर पहिली साडी घेतली. पायावर सूज होती. बस्ता चार वाजता संपला. नवरी हसत होती. मामी हसत होती. महागू पाटलानं डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तुमच्या कमलाचं लग्न कई हाय? डोमाजी म्हणे, पाहू जी.

चौबेसाहेब दीड वाजल्यापासून दारात उभे होते. हे मले चार वाजता कळलं.

१९ मार्च. सकाळी.
चौबेसाहेब हिंदीत बोलतात आणि फार हळू बोलतात. म्हणे, बेटा, बीस नंबर नहीं पढ़ा? मी सांगतलं, पढ़ा साहब, पर उन्नीस पूरा करने के बाद. त्याहीनं काउंटरवर बोटानं ठोकलं. म्हणे, सात भी लगाया है. पंद्रह भी. पंद्रह तो चालीस नंबर में रद्द हुआ था. किसी को इतवार नहीं दिया? मी म्हटलं, मुझे मिला.

ते म्हणे, मंजूर छंटनी (म्हणजे कपात) वापस नहीं होती, फाइल में चढ़ गई. एक सेल्समन की जगह कम होनी है तो होनी है. हाँ, नाम बदल सकते हो. आणि नवा फॉर्म देला. उद्या सकाळपर्यंत.

दुपारी.
फॉर्म समोर आहे. टिकारामले चार मुलं. तो आज एकदाही हसला नाही, शर्टिंगचे थान, म्हणजे तागे, उगीच इकडून तिकडं ठेवून राह्यला. शेवंताबाई सेल्समन नाही असं मी म्हटलं असतं, पण चार्टमध्ये मीच तिले हिरव्या रंगात सेल्समन केलं आहे.

डोमाजीचं नाव परत लिहिणं सगळ्यात सोपं. स्पेलिंग माहीत आहे.

संध्याकाळी.
लिहिलं. नाव: दिवाकर कापगते. कारणाच्या ओळीत दोन वाक्यं बसवली: 'वीस आधी वाचाचं होतं. डोमाजी कामात कमी नाही.' मावशीले सांगतलं नाही. इतिहासात अशी माणसं कमी असतात, ज्याहीनं मोठ्या पदावर असताना स्वतःचं नाव लिहिलं. हे जबलपूरले पोचलं की बोर्ड मीटिंगमध्ये वाचतील. कदाचित माझा राजीनामा नामंजूर होईल. कदाचित झोनल.

२० मार्च. सकाळी.
चौबेसाहेबांनी फॉर्म पाह्यला. हसले. पहिल्यांदा. म्हणे, तुम तो प्रोबेशन पर हो. प्रोबेशन वाले का नाम छंटनी में नहीं चढ़ता, बेटा. वो तो वैसे ही चला जाता है.

आणि फॉर्म फाडला. दोन तुकडे. फार हळू.

मग त्याहीनं डोमाजीले बोलावलं. म्हणे, सेल्समनची एक जागा कमी झाली, ठीक. तुम आज से सेल्समन नहीं. मॅनेजर की कुर्सी खाली है, उस पर बैठो. जगह कम, आदमी पूरे. डोमाजी म्हणे, खुर्चीवर नाही जी, गादीवर बसीन. चौबेसाहेब म्हणे, जहाँ बैठना है बैठो. आणि कमलाच्या होणाऱ्या सासरी कंपनीच्या शिक्क्याचं पत्र जाईल, हिंदीत, की डोमाजी नंदेश्वर शाखा सत्तावीसचे मॅनेजर आहेत. टिकारामनं शेवंताबाईपुढं थान उचलून गोल फिरवलं. थानले, शेवंताबाईले नाही.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मी नंबर एकोणीस अमलात आणलं नसतं तर डोमाजी जन्मभर सेल्समनच राह्यला असता.

मी ही गोष्ट डोमाजीले सांगतली. तो म्हणे, हौ जी. मग म्हणे, लग्नाले येजा. पहिल्या पंगतीले म्हटलं होतं, ते पहिल्याच पंगतीले.

२० मार्च. दुपारी २. बस स्टँड.
खैरलांजीची बस. वरच्या टपावर माझी पेटी. घरी बाबूजी काय म्हणतील ते पाहू. मी म्हणीन, हेड ऑफिसनं मोकळं केलं, मोठ्या कामासाठी.

दुकानात निरोप झाला नाही. आज तिथं कटंगीचा बस्ता होता, सगळे कामात. मी दारातून हात हलवला. शेवंताबाईच्या खांद्यावर साडी होती, तिले हात हलवता आला नाही. समजू शकतो.

दोन वाजून पाच.
टिकाराम! सायकलवर! जोरात येऊन राह्यला. हार आणला असेल. की सगळ्यांनी मिळून काही. मी खाली उतरलो, शर्ट नीट केला. काय बोलाचं ते मनात ठरवलं, यावेळी मराठीत.

दोन वाजून दहा.
कपाटाची किल्ली माझ्या खिशात राह्यली होती.

टिकारामनं हात पुढं केला, मी हातात हात देला, तो म्हणे, हात नाही जी, किल्ली. शालू कपाटात अडकले, नवरी बसून हाय. घेतली आणि गेला. वळून पाह्यलं नाही. घाईत होता.

बस सुटाले पाच मिनिटं आहेत. ड्रायव्हरले म्हटलं, थोडं थांबसान का.

तो म्हणे, कोणासाठी?